शिवणीएवढं जास्त

आमच्या वहिनीने पन्नाशीला टेकल्यावर दहावीचा अभ्यास काढला, तेव्हा सगळ्यात जास्त टोमणे मारले ते मी, तिच्या नणंदेने. खोटं कशाला बोलू? इस्पितळाच्या शिवणखात्यात ती बावीस वर्षं रुग्णांचे झगे शिवतेय. तिथल्या मुख्य बाई निवृत्त होणार, ती जागा हक्काने वहिनीची. पण आता वरून फर्मान निघालं, दहावीचा दाखला हवा, तोही शुक्रवारी पाचच्या आत. नाहीतर कालची आलेली पोरगी हिच्या डोक्यावर बसणार.

प्रौढांच्या वर्गात दहा स्वाध्याय पास झाले की वर्गाचे मास्तरच दाखला देतात. नऊ पास झाले. दहावा भूमितीचा. जाड कागदाचे आकार कापून पाकिटात घालायचे आणि वहीत त्यांचं क्षेत्रफळ मांडायचं. गुरुवारी पाकिटासकट वही परत आली, आत लाल शेरा: ‘एकही माप बरोबर नाही.’

वहिनीने वही कपाटावर फेकली. माझ्या डोक्यात काही शिरत नाही, तू म्हणायचीस तेच खरं, असं मलाच सांगून ती मशीनवर जाऊन बसली. पट्टी घेऊन मी वही उघडली. गणितं तर अचूक होती! मग आकार मोजले. चौकोन म्हणू नका, त्रिकोण म्हणू नका, सगळे चहूबाजूंनी दीड सेंटीमीटर मोठे. मी कपाळावर हात मारून घेतला. शिवणीसाठी कडेने कापड जास्त सोडायची हिची सवय, बाईसाहेबांनी कागदालाही सोडलं होतं.

शुक्रवारी दुपारी तिला जवळजवळ ओढतच वर्गावर नेलं. मास्तर तिच्या मुलाच्या वयाचे. मी तावातावाने सगळं सांगितलं. ते म्हणाले की नुसत्या सांगण्यावर पास करता येणार नाही, बाईंनी इथेच दुरुस्त करावं. पट्टी आणि कात्री त्यांनी पुढे केली.

वहिनीने फक्त कात्री घेतली. एकेक कागद उचलून तिने कडा भराभर उतरवल्या. मास्तर मोजायला लागले. आठ. पाच. वहीत होतं तेच. त्रिकोण त्यांनी दोनदा मोजला.

“पट्टीशिवाय?”

“पट्टी लावत बसले तर दिवसाचे चाळीस झगे कधी व्हायचे, सर?”

मास्तरांनी शेरा खोडला आणि तिथेच दाखला लिहून दिला. मला रडूच फुटलं. दोन वर्षं काय काय बोलले होते मी तिला! वहिनीने माझा दंड धरून मला उठवलं.

“रडायचं तर चालता चालता रड. इस्पितळाचं ऑफिस पाचला बंद होतं.”

आम्ही धापा टाकत पोचलो. कारकुनाने दाखला उलटसुलट पाहिला, शिक्का मारला, पोच दिली. ती पोच हातात आली आणि मग वहिनी बाकावर बसून इतकी रडली, की शेवटी कारकुनालाच पाणी आणावं लागलं.