कशाची भीती वाटते?

सहावीची मुलं चार दिवसांच्या निवासी शिबिराला डोंगरात जाणार होती, म्हणून शाळेनं पालकांना बोलावलं होतं. बाईंनी तंबू, टॉर्च, औषधं सगळं समजावलं आणि एकेक फॉर्म हातात दिला. त्यात एक प्रश्न होता : पाल्याला कशाची भीती वाटते? माझ्या लेकासाठी मी झटकन 'पाल' लिहून टाकलं.

शेजारच्या बाकावर खाकी शर्टातले एक गृहस्थ त्याच प्रश्नापाशी अडले होते. शेवटी त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, आपल्या ओवीला कशाची भीती वाटते?" उत्तर मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी हात वर केला.

"बाई, ती मलाच घाबरते म्हणे. पण मी काही शिबिराला येणार नाही. मग इथं काय लिहू?"

कुणीच हसलं नाही. बाई म्हणाल्या, "फॉर्म उद्या दिलात तरी चालेल."

मी माझ्या कागदाकडे पाहिलं. चार वर्षांचा असताना माझा लेक एकदा पाल बघून किंचाळला होता. त्यानंतर मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर पडताना ते गृहस्थ म्हणाले, "पोरीला विचारायचं तरी कसं हो? खरं सांगायलाही घाबरेल ती."

माझा लेक मला खरं सांगेल, की मला बरं वाटेल असं काहीतरी सांगेल, हे तरी मला कुठं माहीत होतं?