घड्याळवाल्या चाचांचा न सुटलेला खून

शिरूरपासून दौंडपर्यंत पुस्तकांत आणि पडद्यावर जेवढे खून झाले, त्या सगळ्यांचा छडा आमच्या घड्याळवाल्या चाचांनी एकट्याने लावला. एकच खून त्यांच्या हातून निसटला. त्यातला गुन्हेगार मी आहे.

चाचांचं दुकान शिरूरच्या एसटी स्टँडजवळ होतं. एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि भिंतीवर दहा-बारा घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. "बरोबर वेळ कुठली, चाचा?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ते एसटीच्या कंट्रोलरला विचारा. मी दुरुस्ती करतो." डोळ्याला लावलेल्या भिंगातून ते घड्याळाबरोबर गिऱ्हाईकही तपासत. तळेगाव ढमढेऱ्याचे एक पाटील घड्याळ विहिरीत पडलं म्हणून घेऊन आले, तर चाचा म्हणाले, "विहिरीत आमटी हाय का, पाटील? पट्ट्याला मोहरी चिकटलीय." पाटलांनी पंगतीत वाढताना घड्याळ बादलीत पडल्याचं तिथल्या तिथे कबूल केलं.

रहस्यकथा वाचण्याची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. पुस्तक हातात आलं की आधी ब्लेडने शेवटचं प्रकरण कापायचं, पाकिटात घालायचं आणि माझ्याकडे आणून द्यायचं. मी तिथल्या हायस्कुलात शिक्षक. "मास्तर, शेवट माझ्यापाशी ऱ्हायला तर हात वळवळत्यात. तुमच्यापाशी असू द्या. तुम्ही उघडून बघणाऱ्यातले न्हाई." मग उरलेलं पुस्तक वाचून खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि माझ्यासमोर पाकीट उघडायचं. दहात नऊ वेळा चाचा बरोबर असत. दहाव्या वेळी, त्यांच्या मते, लेखक चुकलेला असे.

नव्वदीच्या दशकात दौंडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डने, वडिलांचं खिशातलं घड्याळ चालू करून दिलं म्हणून, चाचांना एका जुन्या इंग्रजी पिक्चरची व्हिडिओ कॅसेट भेट दिली. काळापांढरा, गुप्तहेराचा पिक्चर. व्हीसीआर आमच्याकडे होता. मे महिन्यातल्या रविवारी भर दुपारी चाचांनी आमच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. "अंधाराचा पिक्चर उजेडात बघायचा न्हाई!" आम्ही घामाने निथळत होतो आणि पडद्यावर धो धो पाऊस पडत होता.

एका जवाहिऱ्याचा खून, टोपीवाला गुप्तहेर, त्याचा जिवाभावाचा दोस्त आणि चेहऱ्यावर जाळी घेतलेली एक बाई, जी दर वाक्याला खोटं बोलते. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, मला जेमतेम येत होतं. पण चाचांचं काहीच अडत नव्हतं. "बघा, बघा मास्तर! बाईच्या आधी तिची सावली आत आली!" खिडकीच्या पट्ट्यांची सावली एकाच्या तोंडावर पडली, तेव्हा तर ते उभेच राहिले. "माणूस अजून मोकळा हाय, पर सावलीनं त्याला गजाआड घातला! काय डोकं हाय ओ!"

आणि दोषही त्याच उत्साहाने. "एवढा पाऊस, आन् बुटाला चिखल न्हाई? ह्याला न्हावऱ्याच्या उसात उतरवा एकदा." "तीन दिवस नुसती सिगारेट. जेवला कवा ह्यो?" "बाई खोटारडी हाय हे आपल्याला कळतं, आन् ह्या शहाण्याला कळत न्हाई?" खोलीतलं घड्याळ चार वेळा दिसलं, चारही वेळा दहा वाजून दहा मिनिटं. ते मात्र चाचांच्या जिव्हारी लागलं. "किल्लीच दिलेली न्हाई! एवढा खर्च केला, आन् किल्ली द्यायला माणूस न्हाई!"

अखेर गुप्तहेराने सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि बोट उचललं. "थांबवा!" चाचा ओरडले. "आठ दिवस विचार करतो. कॅसेट कापता येत न्हाई, तवा अशीच तुमच्यापाशी ठेवा."

त्याच आठवड्यात माझे सासरे टीव्हीवर शेतीच्या कार्यक्रमात झळकले. कांदा साठवायच्या चाळीबद्दल बोलत होते. बायको ओरडली, "अहो, टेप करा, टेप करा! बाबा आले!" मशीनमध्ये कॅसेट होती, ती चाचांची. चुकून टेप होऊ नये म्हणून अशा कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पाकळी मोडलेली असते. त्या खाचेवर मी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. सासऱ्यांसाठी माणूस काय काय करतो!

रविवारी चाचा खिशात चिठ्ठी घेऊन आले. गोधड्या टांगल्या. गुप्तहेराचं बोट वर गेलं, आणि फेटा बांधलेले सासरे म्हणाले, "पहिली गोष्ट, कांद्याला हवा पायजे."

चाचा पुढे सरकले. "ह्यो कोण? ह्याचा खुनाशी काय संबंध?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण 'तुम्ही उघडून बघणाऱ्यातले न्हाई' हे त्यांचं वाक्य आडवं आलं. मी म्हणालो, "गार्डसाहेबांनीच टेप केलं असेल."

"गार्डसाहेबांना कांद्याचं काय पडलंय?" चाचांनी कॅसेट काढून भिंग लावलं. "पट्टी नवीन हाय, मास्तर. पिवळी पडली न्हाई अजून. गुन्हेगार जवळचाच हाय." त्यांनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.

पुढच्या सुट्टीत ते मला घेऊन एसटीने दौंडला निघाले, गार्डची साक्ष घ्यायला. वाटेत त्यांनी मला संशयितांची यादी वाचून दाखवली. माझी पाठ सीटला चिकटली होती. गार्डच्या दाराला कुलूप होतं, शेजारीण म्हणाली, "ते गेले लेकीकडं, गोव्याला. आता न्हाई यायचे." मला इतकं हायसं वाटलं, की त्याची आजही लाज वाटते. परतताना चाचाच मला समजावत होते, "वाईट वाटून घेऊ नका. सापडंल कवातरी."

दहा-बारा वर्षं मी ते ओझं वाहिलं. मग पुण्यात एका फुटपाथवर त्याच पिक्चरची सीडी दिसली आणि मी धावतच शिरूरला आलो. गोधड्या टांगल्या. बोट उचललं गेलं. खुनी निघाला तो जिवाभावाचा दोस्त.

चाचांनी खिशातल्या पाकिटातून पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं: 'बाई.'

"चुकलो," ते म्हणाले. "दोस्तावर संशय घ्यायला मनच होत न्हाई माझं. म्हणून तर घड्याळजी ऱ्हायलो."

"चाचा," मी म्हणालो, "तो कांदेवाला माझा सासरा. पट्टी मी लावली."

त्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भिंग उतरवून पुसत बसले.

"टिकतो का कांदा त्या चाळीत?"

"टिकतो."

"मग बरं सांगितलं त्यांनी," एवढंच म्हणून त्यांनी खिडकीवरची गोधडी उतरवली.

त्यानंतर महिनाभर ते आले नाहीत. मीही दुकानासमोरून जाताना मान खाली घालून जायचो. मग एका सकाळी ते स्वतः दारात उभे राहिले, हातात पाकीट. "नवीन पुस्तक हाय, मास्तर. शेवट तुमच्यापाशी असू द्या."

ते पुस्तक चाचांचं अर्धंच वाचून झालं होतं, त्या वर्षीची थंडी त्यांना सोसली नाही. पाकीट माझ्या कपाटात आहे. खुनी कोण, ते आत लिहिलेलं आहे. मी उघडलेलं नाही.