डावीकडची रिकामी जागा

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जळगावात एका पाइपच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, वीसेक वर्षं झाली. दसऱ्याला पॅनलवर बांधलेली लिंबू-मिरची दुसऱ्या दिवशी मीच काढून टाकतो, कारण ओलाव्याने टर्मिनलला गंज चढतो. लोक नाकं मुरडतात. मुरडू देत. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी मनात म्हणायचो, याची वायरिंग कुठेतरी लूज दिसते... आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घ्यायचं, घरी सेट लावायचा, गच्चीवर तार ताणायची आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बोलायचं. कोणाशी, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोललो याची नोंद ठेवायची असते, तिला लॉग म्हणतात. पूर्वी वहीत ठेवायचे, आता कॉम्प्युटरवर. त्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा छोट्या खिडक्या असतात. एकीत नवी नोंद लिहायची, एकीत जुन्या नोंदी, एकीत जगाचा नकाशा, एकीत आत्ता कोण कुठे बोलतंय त्याची यादी. कोणती खिडकी स्क्रीनवर कुठे हवी ते ज्याचं त्याने ठरवायचं. सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या नावाने ती मांडणी लक्षात ठेवतं. आपलं नाव निवडलं की खिडक्या मुकाट्याने आपापल्या जागी येऊन बसतात. जे घडलं ते सगळं या खिडक्यांवरून सुरू झालं, म्हणून एवढं सविस्तर सांगतोय.

मला या नादाला लावलं ते धुळ्याच्या नानांनी. नात्याचे नव्हते, पण नात्यातल्या कोणी माझ्यासाठी एवढं केलं नाही. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, देवपुरात घर, माणूस अतिशय टापटीप. मागच्या वर्षी गेले. सकाळी दूध आणायला निघाले होते, रस्ता ओलांडताना डावीकडून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर काही जोरात नव्हता, रस्ता मोकळा होता. एवढं मोठं धूड नानांना दिसलं कसं नाही, हे कोणालाच कळलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी अक्कांनी, म्हणजे नानांच्या मिसेसनी, मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ले जा भाऊ बठ्ठं. त्यासना जीव व्हता या डबामा. आते माले काय करनं शे?"

सगळंच घेऊन जा म्हणाल्या, म्हणून सेट आणि कॉम्प्युटर रिक्षात घालून स्टँडवर, तिथून बसने जळगाव. आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी बंद करून मी एक छोटी खोली केली आहे, तिथे सगळं मांडलं. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी तासभर मी तिथे बसतो. कॉम्प्युटर सुरू केला, लॉगमध्ये नानांचं नाव होतं ते निवडलं आणि हसूच आलं. सगळ्या खिडक्या स्क्रीनच्या उजव्या अर्ध्या भागात एकीवर एक कोंबलेल्या. डावा अर्धा भाग पूर्ण मोकळा, नुसता निळा. ओट्याच्या एका कोपऱ्यात सगळी भांडी रचून बाकीचा ओटा मोकळा सोडावा, तसं. नानांसारख्या माणसाने असं का करावं? म्हातारपण, दुसरं काय, असं म्हटलं आणि सोडून दिलं.

मी माझं नाव घातलं. नकाशा डावीकडे अगदी कडेला, बाजूला यादी, नोंदीची खिडकी मधे, जुन्या नोंदी खाली. स्क्रीन कशी भरलेली दिसली. सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी नकाशा कडेपासून बोटभर आत सरकलेला होता.

चुकून माउस लागला असेल. परत कडेला लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर. घरात विचारलं. बायको म्हणाली, "अहो, त्या खोलीत केर काढायला जायचं तरी तुमची परवानगी लागते, खिडक्या कोण हलवणार?" मुलीलाही विचारलं, तीही नाही म्हणाली.

आता इथे जाणकार म्हणतील की रिझोल्यूशन बदललं असेल, मॉनिटरचं सेटिंग असेल. सगळं तपासलं. सेटिंगची फाइल लॉक करून पाहिली. मग मेंटेनन्सवाल्याची अक्कल वापरली. पिवळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे मॉनिटरच्या चौकटीला चिकटवले आणि प्रत्येक खिडकीची कड त्यांच्यावर पेनाने आखून ठेवली. सकाळी खिडक्या खुणा सोडून उजवीकडे. नेहमी उजवीकडेच. शेवटी माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, नानांच्या कॉम्प्युटरमधलं काहीही न घेता. चौथ्या दिवशी तिथेही तेच...

रविवारी धुळ्याला गेलो. अक्कांचा चहा झाल्यावर जरा आडूनच विचारलं, "अक्का, नानांना शेवटी शेवटी दिसायचा काही त्रास होता का हो?"

"डोयाना? नही रे भाऊ, पेपर वाचेत ना रोज." मग म्हणाल्या, "पन येक व्हतं. ताटमा डावा आंगले चटणी, लोनचं वाढं का तसंच ऱ्हाये. मी म्हनू, आते तुम्हले चटणी बी नको का? तं म्हनेत, ध्यानमा नही ऱ्हायनं. मंग मी वाढनीच सोडी दिनी."

ताटाचा डावा भाग, स्क्रीनचा डावा भाग, डावीकडून आलेला ट्रॅक्टर. नानांना डावीकडचं दिसतच नव्हतं. ते कोणाला बोलले नाहीत, कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. खिडक्या त्यांनी दिसत होतं तेवढ्यात मांडल्या होत्या. अक्कांना यातलं काही सांगायचा धीर मला झाला नाही. अजून सांगितलेलं नाही.

पण मग माझ्या खिडक्या कोण हलवत होतं?

दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, कडेचं दिसतं का तेही तपासा. मशीनमध्ये डोकं घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, चाळिशीचा चष्मा सोडला तर तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. इतकं हलकं वाटलं की येताना जिलेबी घेऊन आलो. त्या संध्याकाळी नकाशा कडेपासून चार बोटं आत होता. मी तो परत लावला आणि ठरवलं की आता या गोष्टीचा विचार करायचा नाही.

थंडी पडली. त्यानंतरच्या एका रविवारची दुपार. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, म्हणजे माझी चंगळ. पोटभर जेवलो आणि उठणार, तर बायको म्हणाली, "ठेचा नको होता तर आधी सांगायचं. सकाळपासून कुटतेय मी."

मी म्हटलं, "वाढ की मग. नाही कोण म्हणतंय?"

तिने ताटाकडे बोट केलं. मग हळूच म्हणाली, "अहो, ताटात आहे ना."

मी मान डावीकडे वळवली. ठेचा होता. कांदा होता. लिंबाची फोड होती. सगळं जसं वाढलं तसं.

हात न धुता मागच्या खोलीत गेलो. लॉग उघडाच होता. सगळ्या खिडक्या उजव्या अर्ध्या भागात, एकीवर एक कोंबलेल्या. थेट नानांची मांडणी. आणि मित्रांनो, मला ती बरोबर वाटत होती! त्या परत डावीकडे सरकवायचं मी कधी सोडून दिलं ते आठवेना. मान वळवून पाहिलं तर चौकटीवर पिवळ्या टेपचे तुकडे तसेच चिकटलेले होते. कित्येक दिवसांत ते मला दिसलेच नव्हते. खुर्चीत बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. एवढी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही.

पुन्हा तीच तपासणी केली, दुसरा रिपोर्ट आला. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळी. डोळे ठीक, नस ठीक. नाशिकला जाऊन एमआरआय केला, त्यातही काही नाही. डॉक्टर म्हणतात, कारण सापडत नाही, वाट पाहू. मोटरसायकल बंद झाली. कारखान्यात मला पॅनलवरून काढून स्टोअरला बसवलं, आणि बरोबरच केलं त्यांनी.

तुम्ही म्हणाल, दिसेनासं होत गेलं म्हणून हाच नकळत खिडक्या सरकवत असेल. मीही तेच धरून बसलो असतो. पण पहिला रिपोर्ट फाइलमध्ये आहे. त्या दिवशी मला डावीकडचं सगळं दिसत होतं, आणि त्याच दिवशी खिडकी चार बोटं सरकलेली होती. आधी खिडक्या सरकल्या, मग माझी नजर त्यांच्यामागे गेली.

माझ्यापुरतं असतं तर हे लिहिलंही नसतं. नशिबाला आलं ते भोगायचं. पण माझी मुलगी ऋतुजा एकोणीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला. तिनेही परीक्षा दिली होती आणि तिचं लायसन्स नेमकं याच दिवसांत आलं. मी सेट बंद करायला निघालो तर ती हटून बसली. म्हटलं, निदान नानांचा कॉम्प्युटर नको, आणि तो गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. ती स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या नावाने लॉग ठेवू लागली. पंधरा दिवस झाले असतील. सकाळी तिने मागच्या खोलीतून आवाज दिला, "पप्पा, माझ्या खिडक्यांना हात नका ना लावत जाऊ!"

जाऊन पाहिलं. नकाशा कडेपासून बोटभर आत.

तिच्या लॅपटॉपमधून ते सॉफ्टवेअर तिच्यासमोर काढून टाकलं. कारण सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, तुम्ही? लिंबू-मिरची तोडणारे तुम्ही बोलताय हे?" भांडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी तो हसत हातात दिला, मला हसता आलं नाही. शेवटी तडजोड म्हणून एक लांब रजिस्टर आणून दिलं. म्हटलं, नाना सुरुवातीला लिहायचे तसं हाताने लिही. कागदावर कोण काय सरकवणार?

हे का होतंय, मला सांगता येत नाही. नानांनी माझं वाईट चिंतलं असेल हे मी मरेपर्यंत मानणार नाही. ते सावध करत होते म्हणावं, तर सावध होऊन करायचं काय ते कोणी सांगत नाही. नाशिकच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. इथे कोणाला असं काही झालं असेल तर कृपा करून लिहा. देवाचं सांगा, डॉक्टरचं सांगा, आता मी काहीही करायला तयार आहे.

काल संध्याकाळी ऋतुजाचं रजिस्टर उघडलं. मला वही उजवीकडे धरून, मान वळवून बघावं लागतं. पहिल्या पानावर तारखा अगदी कडेला चिकटून आहेत. चौथ्या पानावर दोन बोटं जागा सोडलेली. कालच्या पानावर चार.

ती शेजारीच बसली होती. आवाज शक्य तितका साधा ठेवून मी विचारलं, "बेटा, डावीकडे एवढी जागा का सोडलीस?"

तिने वही जवळ ओढली, पानावरून नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुठली जागा, पप्पा?"