शाफ्टवरचे दोन ठिपके

मलप्पा मिस्त्री गेल्याचं मला मोबाइलवरच्या ग्रुपवर कळलं. गुलाबाच्या फुलाचं चित्र, त्याखाली ‘देवमाणूस हरपला’ आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. पाठवणारा कोण, तर अक्कलकोट रस्त्यावरच्या नव्या, फरशीवाल्या गॅरेजचा मालक. हाच माणूस मिस्त्री हयात असताना त्यांना ‘तो हात थरथरणारा म्हातारा’ म्हणायचा. दुःख व्हायच्या आधी मला शिसारी आली. पाच आठवडे झाले, ती अजून गेलेली नाही... आणि तिच्यातला थोडा वाटा माझा स्वतःचाही आहे, म्हणून हे लिहिते आहे.

वडिलांच्या मागे त्यांचे दोन ट्रक मीच बघते. सोलापुरातून चादरी-टॉवेलच्या गाठी भरून बाहेरगावी पोचवायच्या, हा आमचा धंदा. थोरल्या ट्रकला अठरा वर्षं झाली. त्याचा ड्रायव्हर सिद्राम, वळसंगचा. आणि दुरुस्ती पहिल्यापासून मलप्पांकडे. ते मूळचे मैंदर्गीचे, मराठी बोलताना मधेच कानडीत शिरायचे, मला ‘अक्का’ म्हणायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. तक्रारीची गाडी आली की पान्याला हात लावायचा नाही, आधी ड्रायव्हरला विचारायचं, मग शेजारी बसून गाडी मोकळ्या रस्त्याला न्यायची. केबिनमध्ये चढताना चपला खाली काढून ठेवायचे आणि अनवाणी तळवे पत्र्यावर टेकवायचे. ‘कान फसवतंय अक्का, पाय न्हाई फसवत,’ म्हणायचे. या सगळ्यात अर्धा दिवस जायचा. मला अर्धा दिवस जाणं सोसत नव्हतं. म्हणून एकदा त्यांच्याकडून शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा, बदलून घेतल्यावर मी पुढची कामं फरशीवाल्यांकडे न्यायला सुरुवात केली. तिथे खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, आणि गाडी संध्याकाळी परत.

त्याच सुमारास ट्रक हादरायला लागला. मी वहीत यादी केली, कारण मी सगळ्याचीच यादी करते. टायर, चाकांचं बॅलन्सिंग, इंजिनाचं माउंटिंग, क्लच प्लेट. फरशीवाले एकेक बदलत गेले, मी एकेका ओळीवर खूण करत गेले, आणि ट्रक हादरतच राहिला. शेवटी गॅरेजवाल्याने हळूच माझ्या कानात घातलं, ‘मॅडम, ड्रायव्हरनं कुठंतरी आपटलीय बघा गाडी. सांगत नसंल.’ आणि मी ते मानलं! बारा वर्षं माझ्याकडे असलेल्या माणसाला अंगणात उभं करून मी विचारलं, कुठे आपटलीस?

‘ताई, पोरांची शपथ, कुटं बी आपटली न्हाय. मी पयल्यापासनं सांगतोय की. पन्नासाच्या वर गेली की सीटखाली हादरतंय. स्टेरिंगला कायबी न्हाय. न्यूट्रल केली तरी थांबत न्हाय.’

‘ते मला नको सांगूस. महिना संपला की दुसरीकडे बघ.’

त्याने किल्ली ओट्यावर ठेवली आणि तो गेला. आज ते वाक्य लिहितानाही तोंड कडू होतं. कारण सगळं उत्तर त्याच्या त्या तीन-चार वाक्यांत होतं, आणि माझ्या वहीत त्यातला एक शब्द नव्हता.

सुट्टीच्या दिवशी सिद्राम ओट्यावरची किल्ली उचलून परस्पर ट्रक घेऊन मलप्पांकडे गेला. दुपारी त्यांचा फोन, ‘अक्का, येऊन जावा.’ गेले तर ट्रक उभा, मिस्त्री दारात, बाजूला मान खाली घालून सिद्राम. मला वाटलं, आता त्याची रदबदली करणार. पण त्यांनी मला वाकायला लावलं आणि बॅटरी मारून दाखवलं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब, फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, मधे जोडलेला असतो. उघडल्यावर जोडाचे दाते आधी होते तसेच एकमेकांत बसावे लागतात. एक दाता जरी सरकला, तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, आणि वेग वाढला की शाफ्ट हादरतो. ‘न्यूट्रल केली तरी थांबत न्हाई म्हणाला न्हवं हा? म्हणजे इंजिन न्हाई, क्लच न्हाई. स्टेरिंगला न्हाई, म्हणजे म्होरली चाकं न्हाईत. मग ऱ्हायलं काय?’

‘पण दाता चुकवला कुणी?’ मी विचारलं.

‘मी,’ मिस्त्री म्हणाले. ‘क्रॉस बदलताना खडूनं खूण केलो होतो. ग्रीसच्या चिंधीनं पुसली. अंदाजानं बसवलो. ह्या माणसाची चूक न्हाई, माझी हाय. त्याच्यासमोर सांगावं म्हणून बोलावलो.’

नवं बेअरिंग घालून ही चूक गपचूप झाकता आली असती. गॅरेजांच्या अख्ख्या लाइनीत तेच चालतं. त्यांनी शाफ्ट उतरवून नीट बसवला, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना छिन्नीने एकेक ठिपका ठोकला, समोरासमोर. ‘आता पुसून दाखवा म्हणावं.’ मग सिद्रामकडे वळून, ‘घे रे तुझी किल्ली. अक्काला चहा सांग.’ मी सिद्रामची माफी मागितली. त्यांच्यासमोरच मागितली, कारण एकटीने मागायचा धीर मला झाला नसता.

गेल्या आठवड्यात क्रॉस पुन्हा बदलावा लागला. मलप्पांच्या शेडला कुलूप, म्हणून नाइलाजाने फरशीवाल्यांकडे. दुसऱ्या दिवशी सिद्राम म्हणाला, ‘ताई, हादरतीय.’ या वेळी वहीत पहिल्या ओळीवर त्याचेच शब्द लिहिले आणि गॅरेजच्या फरशीवर पोतं टाकून ट्रकखाली शिरले. ठिपके एका दात्याने हुकलेले होते. मी ते मालकाला दाखवले.

‘ते होय?’ मालक म्हणाला, ‘आम्हाला वाटलं गंज असंल.’

त्याच्यामागे भिंतीवर मलप्पांचा फोटो होता, हार घातलेला. मी म्हटलं, ‘आधी शाफ्ट उतरवा. मग तो फोटो उतरवा.’

ठिपके समोरासमोर आलेले स्वतः बघितले, आणि सिद्रामच्या शेजारी चढून बसले. वळसंगच्या रस्त्याला त्याने वेग घेतला, पन्नास, पंचावन्न... आणि गाडी न्यूट्रल केली. तो माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं. चपला कधी काढल्या, मला कळलंच नव्हतं.

‘काय ताई?’

‘तू सांग.’

‘काय न्हाय, हादरत न्हाय,’ सिद्राम म्हणाला. मग त्याचे शब्द लिहायला मी वही उघडली.