शेवटच्या पानावरचा वाघ

चिठ्ठीतूनच म्हणते, अशी जवळ ये गं, सुमे. नाहूरहून भांडुपला यायला तुला तीन महिने पुरत नाहीत, आणि मावशी रानात गेल्याचं कळलं की लगेच चिठ्ठी, ‘या वयात वेड लागलंय का?’ आता ऐक.

ती बर्फाच्या मुलखातली गोष्ट तुला सांगितली होती ना, मुलगी अस्वलाला मारते ती. आपल्या पोरांनी अस्वल कुठे पाहिलंय, म्हणून मी त्याचा वाघ केला आणि बर्फाचं केलं बोरीवलीचं रान. पुस्तकाची चित्रं काढून संपली, शेवटच्या पानावर मेलेला वाघ. आठवड्याने छापखान्यात द्यायची. तेवढ्यात वाटलं, त्या रानातल्या आदिवासी पाड्यावरचा वाघोबा देव एकदा पाहून यावा.

बोरीवली स्टेशनबाहेर रानभाज्या विकणाऱ्या सोनूबाईबरोबर सकाळीच निघाले. डांबरी रस्ता संपला तसे बसचे हॉर्नही संपले. पुढे चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, चपला हातात घेतल्या. पानं सळसळली की मी थांबायची.

“बाय, घाबरलीस?”

“छे.”

“मग माझा पदर सोड की.”

पाड्यावर तिने नाचणीची भाकरी आणि कोरा चहा दिला. झाडाखाली फळीवर कोरलेला वाघ, शेंदराने माखलेला, वर चंद्र-सूर्य. त्याच्यासमोरच मी चित्रं उलगडली. सोनूबाई पानापानाला हसत होती. शेवटचं पान मात्र तिने पालथं घातलं.

“मारलास त्याला?”

“गोष्टच तशी आहे गं.”

“गोष्ट तिकडची. इथं आम्हाला रोज त्याच्याच वाटेनं जायचंय. तो मग वाट देईल?”

दुपारी ती मला सोडायला निघाली. चिखलात सकाळची माझी अनवाणी पावलं तशीच होती, आणि त्यांच्यावर एक रुंद पंजा, बिबट्याचा; पाड्यावर त्यालाही वाघच म्हणतात. खळग्यात पाणी अजून झिरपत होतं. सोनूबाईने टोपली खाली ठेवली, मला कडेला ओढलं आणि हात जोडले.

“देवा, तू हो पुढं. आम्ही थांबतो.”

गवत हललं. मग हलायचंच थांबलं. सुमे, माझ्या काखेत कागदांची गुंडाळी होती आणि तिच्यात तो मरून पडलेला होता. त्याला हे कळेल असंच वाटत होतं मला. श्वास घ्यायचीसुद्धा भीती. बऱ्याच वेळाने लांबवर माकडं ओरडली, तेव्हा तिने टोपली उचलली.

“गेला. चल.”

घरी आल्यावर ते शेवटचं पान बाजूला काढून ठेवलं. आता पान नवं केलंय. वाघ पुढे चाललाय, मुलगी वाटेच्या कडेला हात जोडून उभी आहे. तिचा चेहरा तेवढा कोरा आहे. माझी भीती आरशात पाहून काढली, तर ती म्हातारीची दिसते. तुझ्या लेकीला, ठकीला, समोर बसवून तो चेहरा काढायचाय. तिला घेऊन ये गं, उद्या-परवाच ये.