तिथी होऊ दे, मग लस

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, दोन्हीकडे ग्राउंड ग्लास ओपॅसिटी आहे. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. फुफ्फुसं काळी दिसायला हवीत, इथे धुरकट पांढरं दिसतंय, म्हणजे तिथे हवा पोचत नाही. कोविड आहे, ताबडतोब ॲडमिट करा. मग त्यांनी विचारलं, लस घेतली होती का? माझा नवरा रघू खुर्चीत धापा टाकत होता. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. अशा वेळी बायकोचे डोळे भरून येतात म्हणे. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

तुमच्याही घरात असा एखादा शहाणा असेल, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी कोल्हापूरची. रघू तंजावरच्या मराठी घरातला. त्याच्याच मुलखात, सिरुसेरीतल्या एका कंपनीत ओळख झाली, लग्न केलं आणि जवळच वेलचेरीत बिऱ्हाड थाटलं. सासूबाईंना आम्ही दोघंही अम्मा म्हणायचो. त्या आमच्याकडेच असत. लस आली तेव्हा घरात सगळ्यात जास्त घाई त्यांना होती. रघूच्या मोबाइलवर मात्र रोज नवा व्हिडिओ यायचा. लसीने रक्ताच्या गुठळ्या होतात, चालता चालता माणूस कोसळतो, असलं काहीबाही. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका हुडकून काढणारा हा माणूस गाडीत बसून बडबडणाऱ्या कुणा अनोळखी इसमावर डोळे झाकून विश्वास ठेवत होता.

भीती वाटते असं तो कधीच म्हणाला नाही. त्याने सासऱ्यांचं श्राद्ध पुढे केलं. या घरात श्राद्धाचा स्वयंपाक अम्माच सोवळ्यात करायच्या, इथे त्याला मडी म्हणतात. लस टोचली आणि ताप आला तर सोवळ्यात उभं कोण राहणार? तिथी होऊ दे, मग लस, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. नातेवाइकांनीही माना डोलावल्या.

तिथीच्या आधीच आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये लसीचं शिबिर लागलं. रघू कॉलवर होता. अम्मा मला घेऊन खाली गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर खुर्चीत बसून त्यांनी दंड उघडा केला. तेवढ्यात रघू जिना उतरून आला. त्याला पाहून अम्मा शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या अप्पांस मी सांगतें. ते कोपायचे नाहींत."

त्याने त्यांचा दंड धरला आणि खेचलं. खुर्ची उलटली. नर्सने मधे हात घातला तर तिला असं ढकललं की ती ट्रेसकट भिंतीवर आदळली. कापूस, बाटल्या, सुया, सगळं जमिनीवर. वॉचमन धावला, त्याच्या तोंडावर रघूने बुक्की मारली. त्याच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. मी ओरडत होते, पण ऐकतं कोण. आणि रांगेतली माणसं? दोघा-तिघांनी रघूचीच बाजू घेतली, म्हाताऱ्या माणसांवर कसले प्रयोग करता म्हणून नर्सला शिव्या घातल्या. बाकीची घाबरून घरी गेली. हॉल रिकामा झाला. अम्मांच्या दंडावर बोटांचे वळ उमटले होते, ते पुढे काळेनिळे झाले.

श्राद्ध यथासांग पार पडलं. जेवायला आलेल्यांपैकी एक जण पानावर बसून खोकत होता. त्या आठवड्यातच आधी रघूला ताप आला, मग अम्मांना.

दोघांना एका ठिकाणी बेड मिळाला नाही. अम्मांना सरकारी रुग्णालयात नेलं, रघूला खाजगीत. मी या दारातून त्या दारात धावत होते. रघूचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घसरतच होतं. त्याला हाय फ्लोवर ठेवलं, नाकातून जोराने ऑक्सिजन सोडतात ते यंत्र. तरी तो मासळीसारखा तडफडायचा.

मग त्याने मारामारी सुरू केली. नळ्या उपटल्या, लाथा झाडल्या, एका नर्सच्या मनगटाला चावला. मला पीपीई किट चढवून आत नेलं तेव्हा त्याचे दोन्ही हात पट्ट्यांनी कॉटला बांधलेले होते. मला ओळखून तो अर्वाच्य बोलला. डॉक्टर म्हणाले, याला डेलिरियम म्हणतात, मेंदू भ्रमिष्ट होतो, हे तो बोलत नाही, आजार बोलतोय. जिला तो चावला होता तीच मुलगी त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसत होती. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

अम्मा गेल्याचा फोन मला त्याच्याच वॉर्डाच्या बाहेर आला. अग्नी चुलत दिराने दिला. मी लांबून पाहिलं.

रघू वाचला. ऑक्सिजन निघाल्यावर त्याने पहिल्यांदा अम्मांची चौकशी केली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सांगा. मी हळूहळू सांगितलं नाही. "गेल्या. लस घ्यायला बसल्या होत्या, तू उठवलंस," एवढंच म्हणाले आणि बाहेर आले. त्या क्षणी त्याला दुखावं अशीच माझी इच्छा होती. दुखलंही असावं, कारण घरी आल्यावरही तो बोलेना. एका छपराखाली आम्ही परक्यासारखे राहत होतो.

आणि तिकडे तंजावरात वेगळंच पिकलं. वेलचेरीची अक्का, म्हणजे आमच्या अम्मा, शिबिरात जाऊन आली आणि गेली, लसीनेच गेली, असं नातलगांच्या ग्रुपवर फिरू लागलं. अम्मांची धाकटी बहीण, आमची मावशी, ते वाचून घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करून बसली. तिला मधुमेह, वर दमा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रघूसमोर फोन आपटला आणि म्हणाले, अम्मांच्या नावावर आता मावशीलाही मारणार आहात का? तू तोंड उघडलं नाहीस तर मी या घरात राहणार नाही.

अम्मांच्या पहिल्या मासिक श्राद्धाला कुणाला येता आलं नाही, म्हणून सगळे व्हिडिओ कॉलवर होते. विधी आटोपले तसा रघू फोनसमोर सरकून बसला. दम लागत होता, थांबत थांबत बोलला. अम्माला लस मिळालीच नाही. सुई टोचायच्या आत मी तिला ओढून काढलं. तिला आजार घरात झाला, श्राद्धाच्या पंगतीत. लसीने नाही, माझ्यामुळे गेली.

एक काका मोठ्याने म्हणाले, हे बोलायचा हा दिवस नव्हे. रघू म्हणाला, हाच आहे.

मग मावशीने विचारलं, "अक्का भ्याली होती कां रे?"

"नाही मावशी. मी भ्यालो होतो."

मावशीने पदराने डोळे पुसले. उद्या सकाळी मला लस घ्यायला घेऊन चल, असं तिने तिथेच आपल्या सुनेला सांगितलं.

मी रघूला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही. पण त्या दिवशी दोन पानं वाढली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या शेजारी बसून जेवले.