बँकॉकची फूड ट्रिप आणि श्रावण

“दुसऱ्या दिवशी बोटीतून तरंगता बाजार, तिथेच नूडल सूप,” मी वाचून दाखवत होते.

“घाई नको हं, रिलॅक्स्ड हवं,” बँकॉकला निघालेले आमचे गिऱ्हाईक देवसाहेब म्हणाले. “फोटो काढून पळणारे टूरिस्ट नाही आम्ही. कल्चर चाखून बघायचं असतं.”

लंडनच्या हाउन्सलोमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी शनिवारी काम करायचे. एरवी युनिव्हर्सिटीत टूरिझमचा कोर्स. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कल्चरबद्दल असं कोणी बोललं की मला ते खरंच वाटायचं. हा माझा एकटीचा पहिला प्लॅन होता. तो बिघडला तर परत ब्रोशर लावायला बसवीन, असं मालक प्रधानकाकांनी बजावलं होतं.

तारखा बघून मी चाचरले. “सर, समर हॉलिडेजमध्ये श्रावण येतो. तुम्ही पाळता का?”

“लंडनमध्ये कसला श्रावण?” ते हसले. काकांनी काउंटरखालून मला पाय मारला. तिकिटं नॉन-रिफंडेबल होती, म्हणजे रद्द केली तर पैसे गेले. ती बुक झाली.

निघायच्या आठवड्यात मिसेस देवांचा फोन आला. “अगं, श्रावण आहे! मासे, चिकन तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. मराठी असून तुला कळू नये?”

“मी सरांना विचारलं होतं...”

“ह्यांना काय विचारतेस? मला विचारायचं!”

मी बँकॉकच्या ग्राउंड एजंटला फोन लावला. ग्राउंड एजंट म्हणजे तिथली गाडी, हॉटेल, गाइड बघणारा माणूस. ही एक बाई होती. ती अजिबात गडबडली नाही. म्हणाली, आमच्याकडेही व्रतवाले असतात. त्यांच्या जेवणाला ‘जे’ म्हणतात. मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण काही नाही. दुकानावर पिवळी पाटी असते.

मला इतका आनंद झाला! कल्चर आणि व्रत एकाच ताटात. मी सगळा प्लॅन नव्याने बांधला.

ट्रिपहून परतल्यावर दोघंही एजन्सीत आले.

“ट्रिप फर्स्ट क्लास!” देवसाहेब म्हणाले.

“आणि ते ‘जे’ जेवण?” मी विचारलं.

“ते होय? हिने वासावरच नाक मुरडलं. हॉटेलमागे एक पंजाबी रेस्टॉरंट सापडलं. दोन्ही वेळा तिथेच. काय दाल मखनी होती!”

“पण कांदा-लसूण?” मी मिसेस देवांकडे बघितलं.

“परदेशात कुठे पाळत बसायचं गं?” त्या म्हणाल्या. हाउन्सलो त्यांच्या लेखी परदेशात नसावं.

“आणि प्लॅनमधली देवळं?”

“एक बघितलं. बाकीची तशीच असणार.”

त्यांनी आणखी चार कुटुंबं पाठवली. सगळ्यांना अगदी हीच ट्रिप हवी होती. काकांनी ती फाइल माझ्याकडे दिली आणि ब्रोशर लावायचं काम सुटलं.

आता कोणी कल्चर चाखायचं म्हणालं, की मी आधी पंजाबी रेस्टॉरंट शोधते, मग त्याच्या जवळचं हॉटेल. देवळं प्लॅनमध्ये राहू देते. परत आल्यावर लोकांना सांगायला ती लागतात.